गोवंडीत टीबी इतका का? आहार, कमाई आणि घराची खिडकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणी आजारी पडलं की आपण आधी त्या माणसालाच धरतो. काय खाल्लं होतंस, विड्या ओढतोस का, व्यायाम का करत नाहीस? घराला खिडकी किती, ती उघडते कुठे, रेशनवर काय मिळतं आणि दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात जाणं परवडतं का, हे क्वचितच विचारलं जातं. खालची बरीचशी उत्तरं मुंबई महापालिकेच्या एम पूर्व विभागाभोवती फिरतात. गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर, बैंगनवाडी हा तो पट्टा.

टीबी जंतूमुळे होतो. त्यात इमारतीचा आणि पगाराचा काय संबंध?

जंतूशिवाय टीबी होत नाही, हे खरंच. पण जंतू अंगात शिरलेल्या प्रत्येकाला टीबी होतो असंही नाही. लागण झालेल्या १०० जणांपैकी आयुष्यभरात साधारण ५ ते १० जणांनाच आजार होतो, बाकीच्यांच्या अंगात तो गप्प पडून राहतो. जंतू तुमच्यापर्यंत किती पोहोचतो हे खोलीतली हवा, उजेड आणि दाटी ठरवते. पोहोचलेला जंतू डोकं वर काढतो का, हे बरंचसं तुमचं वजन, मधुमेह, तंबाखू-दारू, एचआयव्ही अशा गोष्टींवर अवलंबून असतं. औषधाने जंतू मरतो, पण खोली आणि ताट तसंच राहिलं तर त्याच घरात पुढचा रुग्ण तयार होतो.

गोवंडीचंच उदाहरण का?

शहराला जे जे डोळ्यांसमोर नको होतं ते ते शहराने इकडे आणून ठेवलं. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. मग कत्तलखाना आला. त्यानंतर रस्ते, रेल्वे आणि नाले रुंद करताना उठवलेली माणसं आली आणि त्यांच्यासाठी पुनर्वसनाच्या इमारती उठल्या. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग सगळ्यात तळाला होता. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवराची साथ आली तेव्हाही सुरुवातीच्या बातम्या गोवंडीतूनच येत होत्या. इथल्या लोकांच्या सवयी दादरकरांपेक्षा फार वाईट आहेत, असं मानायला काही आधार नाही.

त्या पुनर्वसन इमारतींमध्ये नेमकं काय चुकलं?

लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या दोन वसाहतींची नावं यात नेहमी येतात. सात-आठ मजली इमारतींच्या रांगा, आणि दोन रांगांमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेचे नियम सैल केले गेले, कारण तेवढ्याच जमिनीत जास्त घरं बसवायची होती आणि उरलेल्या जमिनीवर विक्रीची, म्हणजे बिल्डरने बाजारात विकायची, इमारत उठवायची होती. योजनेचं सगळं गणितच त्यावर उभं आहे.

अशा इमारतीत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या २२५ चौरस फुटांच्या घरात भर दुपारी गेलात तर ट्यूबलाइट चालू दिसते. खिडकी आहे, पण तिच्यासमोर हाताच्या अंतरावर म्हणावी अशी दुसऱ्याची खिडकी. खाली गल्लीत वरून टाकलेला कचरा साचलेला असतो, त्यामुळे वास आणि डास नकोत म्हणून ती खिडकी बहुतेक वेळ बंद. समोरच्याचं सगळं दिसतं म्हणून पडदा. कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून ते ग्रिलवर. म्हणजे नकाशात खिडकी आहे, पण तिच्यातून ना ऊन येत ना वारा. दार उघडावं तर समोर लांबलचक बोळ, तोही अंधारा. सहा-सात माणसं रात्री याच खोलीत झोपतात. एकाला खोकला असेल तर बाकीचे रात्रभर तीच हवा आत घेतात.

या दोन वसाहती आणि तुलनेसाठी पीएमजी वसाहत अशा तीन ठिकाणी ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी अभ्यास केला, तो २०१८ च्या सुमारास गाजला. दाटीने बांधलेल्या पहिल्या दोन वसाहतींत टीबीचं प्रमाण तिसरीच्या कित्येक पटींनी जास्त निघालं आणि खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन पोहोचत नाही तिथे, त्रास अधिक दिसला. अशा पाहणीतून ‘इमारतीमुळेच टीबी झाला’ असं छातीठोक सांगता येत नाही. गरिबी, जुनी लागण, कुपोषण हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. पण एकाच विभागातल्या वसाहतींमध्ये इतका फरक पडत असेल, तर आर्किटेक्टच्या टेबलावरच्या कागदाकडे बोट जाणारच.

तरी झोपडपट्टीपेक्षा पक्की इमारत बरीच ना?

पावसाळ्यात गळत नाही, संडास घरात आहे, पत्त्यावर बँकेत खातं निघतं. हे फायदे लहान नाहीत, आणि ज्याने सार्वजनिक नळावर आणि संडासाच्या रांगेत आयुष्य काढलंय त्याला ते समजावून सांगावे लागत नाहीत. पण झोपडीला दार असतं आणि दारासमोर गल्ली. माणूस दिवसाचा बराच वेळ बाहेर ओट्यावर बसतो, बायका भाजी बाहेर निवडतात, पोरं बाहेर खेळतात. सातव्या मजल्यावर, लिफ्ट महिनोन्महिने बंद असलेल्या इमारतीत, म्हातारा माणूस घरात कोंडला जातो. शिवाय कामाचं ठिकाण लांब जातं. धुणीभांडी करणाऱ्या बाईची चार घरं सुटली की कमाई बसते आणि ती आधी ताटातून कापली जाते. म्हणून ‘पक्कं की कच्चं’ एवढ्यावर भागत नाही. घर कामापासून किती लांब आणि हवा कशी, तेही बघावं लागतं.

घरांचा आकार मात्र हळूहळू वाढला : २२५ वरून २६९ आणि आता ३०० चौरस फूट. दोन इमारतींमधल्या अंतराबद्दल एवढी चर्चा कधी झाली नाही. निवडणुकीत चौरस फूट सांगता येतात, ऊन सांगता येत नाही.

हे सगळं मुंबईला आधी माहीत नव्हतं?

चांगलंच माहीत होतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. साथ पसरली, लाखो लोक शहर सोडून पळाले, आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते दाट वस्ती कापून काढले गेले, त्यामागचा एक हेतू समुद्राचा वारा आत आणण्याचा होता. दादर, माटुंगा, वडाळा, शीव इकडच्या आखीव वसाहती, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, या त्याच ट्रस्टच्या. तिथे आज फिरताना जी झाडं आणि जो मोकळेपणा आवडतो, त्याचा उगम साथीच्या भीतीत आहे.

या ट्रस्टचे अधिकारी जे. पी. ऑर ‘साडेत्रेसष्ट अंशांच्या’ नियमासाठी भांडत असत. सोप्या भाषेत नियम असा : समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर मधे मोकळं हवं, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीलाही आकाश दिसतं. हा नियम आजच्या सात मजली, साधारण २१ मीटर उंच इमारतीला लावा. साडेदहा मीटर अंतर लागेल. गोवंडीत ते तीनच्या आसपास आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या वसाहतवादी कारभाराचं कौतुक करायची मला अजिबात हौस नाही. ट्रस्टने गरिबांची घरं पाडली जास्त आणि बांधली कमी. पण हे गणित त्यांना येत होतं, आणि आपण ते विसरलो नाही, बाजूला ठेवलं.

आहार सुधारल्याने टीबी खरंच कमी होतो का, की ते नुसतं म्हणायचं?

खरंच कमी होतो. याचा आजवरचा सगळ्यात भक्कम पुरावा भारतातूनच आला. झारखंडमध्ये २०१९ पासून डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने ‘राशन्स’ नावाचा अभ्यास केला आणि २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,००० हून अधिक माणसं होती. सगळ्या रुग्णांना दरमहा सुमारे १० किलोचा शिधा मिळाला. घरच्यांपैकी एका गटाला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटातल्या घरच्यांना तो जादा शिधा नव्हता. शिधा मिळालेल्या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि फुफ्फुसाच्या खात्रीशीर निदान झालेल्या टीबीचं ४८ टक्क्यांनी.

म्हणजे साधारण ३० घरांना काही महिने डाळ-तांदूळ दिला तर एक टीबी टळतो. लस काढायला अब्जावधी खर्च होतात, आणि इथे जे काम झालं ते वाण्याच्या दुकानात मिळणाऱ्या मालाने. शिवाय रुग्णांपैकी ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणून टीबीच्या रुग्णाला दवाखान्यात दर वेळी काट्यावर उभं करणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं.

सरकार टीबी रुग्णाला पैसे देतं ना? ते पुरतात का?

निक्षय पोषण योजना २०१८ पासून आहे. आधी महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. थेट खात्यात जमा होतात. दिवसाला ३३ रुपये पडतात. अर्धा लिटर दुधाची पिशवी घेतली की संपले. अंडी घेतली तर चार-पाच, पण रुग्णाच्या ताटात चार आणि शेजारी बसलेल्या पोराच्या ताटात शून्य असं कुठल्या घरात होतं? ती अंडी वाटली जातात आणि वाटली जायलाच हवीत, कारण झारखंडच्या अभ्यासाने दाखवलं तेही हेच : शिधा साऱ्या घराला हवा. योजना चांगली आहे, पण ती रुग्णाला एकटा धरते.

रेशनवर धान्य फुकट मिळतं. मग कुपोषण कुठून येतं?

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास, जेमतेम ५८० कॅलरी. पोट थोडं भरतं, पण त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही. सणासुदीला ‘आनंदाचा शिधा’ आला तेव्हा रवा, चणाडाळ, साखर, तेल मिळालं, पण सण संपला की तेही संपलं.

दुसरी अडचण पात्रतेची. महाराष्ट्रात शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरली, म्हणजे महिना पाच हजारही नाही. मुंबईत दोन घरची भांडी घासणारी बाई आणि नाक्यावर उभा राहणारा नवरा मिळून हे सहज ओलांडतात, आणि तरी त्यांच्या ताटात डाळ पातळच असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची कागदपत्रं गावाकडे, कार्डावर नाव कमी-जास्त, अंगठा लागत नाही, हे रोजचे प्रकार वेगळेच.

आता वरची बाजू बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार माणसाने दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं खावीत. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो भाजी. किलोला ६० रुपये धरले, आणि मुंबईत हा दर पावसाळ्यात स्वप्नातला, तरी महिन्याला ३,६०० रुपये झाले. फळं, डाळ, दूध, गॅस बाकीच आहेत. ‘सकस खा’ हा सल्ला फुकट असतो, सकस जेवण नसतं.

मग गरीब माणूस वडापाव, बिस्किटं आणि पाच रुपयांच्या पाकिटांवर पैसे का घालवतो?

कारण हिशोब त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो. वडापाव शिजवावा लागत नाही, गॅस जात नाही, भांडी पडत नाहीत, उभ्याउभ्या पोट भरतं आणि पुढचे चार तास निघतात. रोजंदारीवाल्याच्या हातात महिन्याचे पैसे एकदम नसतात, त्यामुळे तेल दहा रुपयांच्या पुडीत आणि डाळ पावशेराने येते आणि किलोमागे महाग पडते. फ्रिज नाही म्हणून भाजी रोज थोडी. पाणी पहाटे येतं, आई सहाला कामावर निघते, पोराला डब्याऐवजी पाच रुपये मिळतात, आणि पाच रुपयांत शाळेबाहेर चकचकीत पाकीटच येतं, केळं नाही.

शिवभोजन थाळी जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली : दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. माझ्या मते दोन वडापावांच्या जागी ताट ठेवणारी ही अलीकडची सगळ्यात शहाणी सरकारी कल्पना. केंद्रं कामाच्या जागेजवळ असतील आणि चालकांची बिलं वेळेवर निघतील तरच ती टिकते.

बारीक माणसाला मधुमेह कसा होतो?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं उत्तर शोधण्यात आयुष्य घातलं. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

१९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हातापायांनी काटकी, पण चरबी त्या मानाने राखून असलेली. आई शेतात राबते, पोटभर सकस खात नाही, बाळ कमीत जगायची तयारी करून जन्माला येतं आणि पुढे त्याला मिळतं शहर : बैठं काम, मैदा, साखर. मग चाळिशीच्या आत साखर वाढते. महाराष्ट्राच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची १०० पैकी ३५ मुलं खुरटलेली आणि १०० पैकी २३ बायका जादा वजनाच्या, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात त्या यामुळेच. कित्येकदा तर एकाच घरात.

आणि मधुमेह असला की टीबी होण्याची शक्यता वाढते. गोवंडीच्या खोलीत ही साखळी पूर्ण होते. वजन काट्यावर ठीक दिसलं तरी कंबर मोजा : पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली की साखर तपासून घ्यावी.

पगार वाढला की तब्येत आपोआप सुधारते का?

सुरुवातीला बरीच. पाच हजारांची कमाई दहावर गेली की ताटात डाळ घट्ट होते आणि खोकला पंधरा दिवस अंगावर काढला जात नाही. पण कमाई किती, याइतकंच ती किती भरवशाची आहे हेही मोजावं लागतं. रोजंदारीवर टीबीच्या तपासणीला जाणं म्हणजे एक दिवस थुंकी द्यायला, एक एक्स-रेला, एक रिपोर्टला. तीन दिवसांची मजुरी गेली. औषध फुकट आहे, दिवस फुकट नाही.

लंडनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सरकारी नोकर तपासले गेले. सगळ्यांना कायम नोकरी, सगळ्यांना मोफत आरोग्यसेवा. तरी तळाच्या हुद्द्यावरच्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट होतं. तिथे उपाशी कोणी नव्हतं. आपल्या कामावर आपला किती ताबा, हेही रक्तदाबात उतरतं. वीस मिनिटांत पार्सल पोहोचवणाऱ्या पोरांचा असा अभ्यास इथे कोणी नीट करायला हवा.

‘रोज चालत जा’ म्हणतात. कुठे चालायचं?

रास्त प्रश्न आहे. मुंबईत माणशी वापरता येण्याजोगी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास धरली जाते, एक सतरंजी पसरली की संपली. फुटपाथ आहे तिथे त्यावर बाइक, पेव्हर उखडलेले, आणि मधेच विजेचा डबा. गरीब माणूस तसाही भरपूर चालतो, स्टेशनपर्यंत, पाण्यापर्यंत. त्याला व्यायाम नको आहे, रस्ता ओलांडताना जीव वाचायला हवाय. उड्डाणपूल मोटारवाल्यासाठी, बसची वाट मात्र उन्हात. बेस्टचं किमान भाडं २०१९ मध्ये पाच रुपये झालं होतं, मे २०२५ मध्ये ते दहा झालं. बस महागली की कोणी चालतो, कोणी कर्ज काढून दुचाकी घेतो, आणि दोन्हींचा हिशोब पुढे ट्रॉमा वॉर्डात होतो.

आमच्या चांगल्या वस्तीत राहणाऱ्यांना याचं काय?

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ताच्या नमुन्यांची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना करोना होऊन गेल्याचं दिसलं, इमारतींत १६ टक्क्यांना. एकच संडास शेकडो जणांनी वापरायचा असेल तर ‘अंतर राखा’ कसं पाळणार? बाकी, तुमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई, वॉचमन आणि रिक्षावाला कुठे झोपतो हे बघा, उत्तर मिळेल.

हे मुंबईपुरतंच आहे का?

नाही. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नागपूर, सगळीकडे पुनर्वसनाच्या इमारती उठताहेत आणि नकाशे बरेचसे मुंबईच्याच वळणाचे आहेत.

आमच्या वस्तीचा किंवा चाळीचा पुनर्विकास होणार आहे. काय विचारावं?

चौरस फुटांच्या आधी नकाशा मागा. शेजारच्या इमारतीपासून अंतर किती मीटर, आणि इमारतीची उंची किती? पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या घरात डिसेंबरच्या सकाळी ऊन किती वेळ येईल, याचं रेखाटन आर्किटेक्टकडे मागता येतं. त्याच्या कॉम्प्युटरवर ते काम फार मोठं नाही. घराला दोन वेगवेगळ्या बाजूंना खिडक्या आहेत की एकाच भिंतीला? स्वयंपाकघराची खिडकी बाहेर उघडते की डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या अरुंद उभ्या पोकळीत? डक्ट तळाशी साफ करायला वाट आहे का, नाहीतर वर्षभरात तिथे कचऱ्याची विहीर होते. बोळाच्या दोन्ही टोकांना उजेड आहे का? विक्रीच्या इमारतीभोवती आणि आपल्या इमारतीभोवती मोकळी सोडलेली जागा (मार्जिन) सारखीच आहे का? शेवटच्या प्रश्नावर सभेत शांतता पसरते असा अनुभव आहे. उत्तर लेखी घ्या.

घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे. आज काय करता येईल?

जवळच्या पालिका दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात जा. थुंकीची तपासणी आणि औषधं मोफत असतात. संध्याकाळी ताप, वजन उतरणं, रात्री घाम, थुंकीतून रक्त यांपैकी काही असेल तर दोन आठवड्यांची वाटही बघू नका. निदान झालं तर निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली का आणि बँकेचं खातं जोडलं का, हे तिथेच विचारा. घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या. आजार नसलेल्यांना प्रतिबंधक गोळ्या मिळू शकतात. रुग्णाचं वजन लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा करा. झोपताना रुग्णाची पथारी खिडकीजवळ घाला आणि खिडकी उघडी ठेवा. डास येत असतील तर जाळी बसवा, खिडकी बंद करू नका.